वीतभर रेघ

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवत असे आणि मी कॉलेजात इतिहास, त्यामुळे आमच्या घरात एकमेकांच्या चुका काढायला विषयांचा तोटा कधी पडला नाही. मी कॅलेंडर वाकडं टांगलं की ती स्टूल ओढून ते सरळ करी. ती पाहुण्यांना एखादा किल्ला कोणी बांधला ते सांगू लागली की मी शंभर-दीडशे वर्षांचा फरक तिथल्या तिथे दुरुस्त करी. आमटीत मीठ जास्त झालं तर पहिल्याच घासाला बोलायचं, हा नियम माझा. लेख लिहिताना क्रियापद कुठे हरवलं तर पानाच्या कडेला लाल पेन्सिलीची टिकली द्यायची, हा नियम तिचा. शेजारच्या वहिनी म्हणत की तुमच्याकडे चहाला यायचं म्हणजे तोंडी परीक्षेला आल्यासारखं वाटतं. आम्हाला दोघांना तो संसारच वाटत असे.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. आम्ही सड्यावर जाऊ लागलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. वर माती नसल्यात जमा, पावसात गुडघाभर गवत आणि एरवी नुसता कातळ. आमच्या रत्नागिरीच्या आसपास अशा सड्यांवर कोणीतरी, कधीतरी, मोठमोठी चित्रं कोरून ठेवलेली आहेत. हत्ती आहेत, मासे आहेत, माणसं आहेत, आणि काय आहे ते कळत नाही अशा चौकटी आहेत. कोणी कोरली, कधी, कशासाठी, यातल्या एकाही प्रश्नाचं खात्रीचं उत्तर नाही. त्यामुळे त्यांच्यावर अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ आहेत.

आमचं शिल्प आरे-वारेच्या रस्त्याने वर चढून गेल्यावर होतं. आमचं म्हणजे आम्ही चार हिवाळे त्याच्यापाशी घालवले एवढ्याच अर्थाने. जागेचे मालक एक म्हातारे चाचा. उमेदीची वर्षं बोटीवर गेली, मुलगे आखातात, आणि ते स्वतः सड्याच्या कडेला घर बांधून बोकड सांभाळत होते. सातबाऱ्यावर त्या जमिनीची नोंद 'पोटखराब' अशी आहे. म्हणजे पीक येत नाही ती. मला ती नोंद फार आवडायची. हजारो वर्षांपूर्वीच्या संस्कृतीबद्दल सरकारदरबारी झालेलं एवढं स्पष्ट विधान मी दुसरं वाचलेलं नाही.

शिल्प म्हणजे एक भलीमोठी चौकट. आमची बाहेरची खोली आत मावेल एवढी. आत वळत जाणाऱ्या रेघा, कोपऱ्यात दोन पावलं, नुसती पावलं, वर माणूस नाही. एवढ्या मोठ्या चित्राचं मापात चित्र काढायचं कसं, हा प्रश्न होता. विद्यापीठांतून येणारे लोक ड्रोन उडवत. आमच्याकडे ड्रोन नव्हता. बायकोकडे रांगोळी होती.

तिने जुन्या कॅलेंडरचे जाड कागद एकमेकांना चिकटवले आणि पेटत्या उदबत्तीने त्यांना चार-चार बोटांच्या अंतरावर भोकं पाडली. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसाठी कोकणातल्या बायका पाडतात तशीच. तो कागद कातळावर पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की खाली ठिपके. मग शिल्पाची रेघ कुठल्या ठिपक्यातून निघते, कुठल्या दोन ठिपक्यांच्या मधून जाते, ते बघून वहीत तेवढेच ठिपके मारून उतरवायची. एक पट्टा झाला की कुंच्याने रांगोळी झाडून टाकायची आणि कागद पुढे सरकवायचा. दहा वाजता समुद्रावरून वारा सुटायचा आणि ठिपके उडायचे, त्यामुळे काम सकाळी. माझा जुना शर्ट, डोक्याला फडकं, आणि ती कातळावर पोटावर पालथी. शाळेतून निवृत्त झालेली बाई अशी सड्यावर पडलेली बघून पहिल्या दिवशी चाचा पाणी घेऊन धावत आले होते. त्यांना वाटलं, चक्कर आली.

मी काय करत होतो, तेही सांगितलं पाहिजे. माझे गुडघे वाकत नाहीत. मी छत्री उघडून घडीच्या खुर्चीवर बसे आणि टिपणं काढी. दगडाचा रंग, चराची खोली (ती तिला विचारून), आसपासची खूण, स्थानिक समजूत. स्थानिक समजूत म्हणजे पांडवांनी एका रात्रीत हे कोरलं. कोकणात पांडवांनी रात्रीत केलेली एवढी कामं आहेत की दिवसा ते झोपत असावेत. अधूनमधून मी तिला विचारी, "सरळ येतेय ना रेघ?" आणि ती मान वर न करता म्हणे, "तुमच्या कॅलेंडरपेक्षा सरळ आहे."

चौथ्या वर्षी ठिपक्यांची वही पुरी झाली. पक्कं चित्र ट्रेसिंग पेपरवर शाईने तिने त्या पावसाळ्यात घरी, जेवणाच्या टेबलावर बसून काढलं. त्याच पावसाळ्यात तिला थकवा येऊ लागला, आम्ही घाट चढून कोल्हापूरला तपासणीला गेलो, आणि नंतर एका दुपारी रिपोर्ट फोनवर आला. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरी असा कागद आलेला आहे त्यांना तो माहीत आहे.

चित्र पुरं झालं तेव्हा ते बघून मला आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा काही चूक काढावीशी वाटली नाही. मी लेख लिहिला. शिल्पाचं वर्णन चार पानं. लिहिताना समोर तिचं चित्र होतं. एकदा जाऊन लेख शिल्पाशी ताडून बघावा, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही; पण पाऊस होता, गवत वाढलेलं होतं, कोल्हापूरच्या खेपा चालू होत्या. विद्यार्थ्यांना तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवली होती, मूळ साधन बघितल्याशिवाय एक ओळ लिहू नका. लेख पाठवला. एरवी दोन-दोन वर्षं लेख दाबून ठेवणाऱ्या त्या संशोधनपत्राने तो दोन महिन्यांत छापून टाकला.

त्यानंतर दूरच्या एका विद्यापीठातल्या मोठ्या विद्वानांचं पत्र आलं. चित्र बघून ते भारावले होते. त्यांचं म्हणणं असं की बाहेरची रेघ सबंध फिरून स्वतःलाच येऊन मिळते, कुठेही खंड नाही. म्हणजे हा पाणी अडवलेल्या जागेचा आराखडा आहे. तलाव आहे. आतल्या रेघा म्हणजे पाट. कोकणातल्या त्या अज्ञात लोकांना जलव्यवस्थापनाची कल्पना जगाच्या आधी सुचली होती. वर्तमानपत्रात मोठा मथळा आला. चाचांनी तो वाचून दाखवायला लावला आणि विचारलं की मग मे महिन्यात मला टँकर का मागवावा लागतो. मी म्हटलं, ते लोक ज्ञान बरोबर घेऊन गेले.

मला ही उपपत्ती पटलेली नव्हती. एरवी मी तिच्यावर दोन पानी खरमरीत पत्र लिहिलं असतं. पण दवाखान्यात सलाइन लावून बसलेल्या बायकोला मी ते कात्रण दाखवलं होतं, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी "तुम्हीच का त्या?" म्हणून तिच्याकडे बघितलं होतं. मी गप्प बसलो. बायको कात्रण वाचून नुसती "हं" म्हणाली. मला वाटलं, दमली आहे.

मग परिसंवाद ठरला. 'प्राचीन कोकणची वैज्ञानिक झेप' की असंच काहीतरी नाव. झेप शब्द मला नक्की आठवतो. स्मरणिकेसाठी शिल्पाचा एक चांगला फोटो हवा, असं आयोजकांनी कळवलं. बायको तेव्हा जिनासुद्धा धरून उतरत होती. म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी एकटाच स्कूटर घेऊन गेलो. गवत सुकून सोनेरी झालेलं होतं. चरांत पावसाची माती साचली होती. मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसलो आणि कुंच्याने चर साफ करत करत चौकटीच्या कडेने सरकू लागलो. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या शिल्पाला हात लावत होतो.

समुद्राकडच्या अंगाला चर संपला.

मला वाटलं, माती घट्ट बसली असेल. खरवडलं. खाली कातळाची जुनी काळी साल होती, कोणी छिन्नी न लावलेली. वीतभर पुढे चर पुन्हा सुरू होत होता. झिजून गेला म्हणावं तर तसंही नव्हतं. दोन्ही टोकं नीट गोल करून थांबवलेली होती, जशी आपण मुद्दाम थांबवतो. तलावाला भोक होतं.

माझ्यामागे चाचा येऊन उभे होते, जमिनीवर कोण आलंय ते बघायला. मी त्यांना बोट दाखवलं.

"ते दार," ते म्हणाले. "आमी पोरं हिथून आत शिरायचो. रेघेवरून उडी मारली तर बाद."

मी म्हटलं, हे तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत.

"बाईंना बोललो होतो की. पयल्याच साली. बाई म्हणाल्या, हो चाचा, दिसतंय."

घरी येऊन मी कपाटातून ठिपक्यांची वही काढली. त्या पट्ट्याचं पान उघडलं. रेघ उघडीच होती. पेन्सिलीने दोन टोकं, मध्ये दोन रिकामे ठिपके, आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात 'दार? (चाचा)'. मग छापलेलं चित्र काढलं. त्यात ती रेघ सरळ पुढे गेलेली होती, जाडी तीच, आत्मविश्वास तोच.

ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंगावर होती. मी वही आणि छापील पान दोन्ही तिच्यापुढे ठेवलं.

"बघितलंत एकदाचं," ती म्हणाली.

मी विचारलं, ही मधली रेघ कुठून आली.

"माझी आहे."

नंतर तिने जे सांगितलं ते थांबत थांबत सांगितलं, मध्ये दोनदा पाणी प्यायली. ज्या दुपारी रिपोर्ट आला त्या दुपारी मी फोन घेऊन गॅलरीत डॉक्टरांशी बोलत होतो. ती टेबलावर बसली होती, पुढे ट्रेसिंग पेपर. दुसरं काय करायचं म्हणून तिने पेन उचललं. बाहेरची रेघ फिरवत फिरवत त्या जागेपाशी आली. तिची आई, माझी खेडची सासू, रांगोळीची रेघ उघडी टाकू देत नसे. उंबऱ्यातली रेघ उघडी राहिली की घरातलं बाहेर जातं, असं ती म्हणायची. बायकोने त्याच्यावर आयुष्यभर विश्वास ठेवला नव्हता. आणि आयुष्यभर एकही रांगोळी उघडी टाकली नव्हती.

"मला दिसत होतं की इथे थांबायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी थांबवेना."

दुसऱ्या दिवशी तिने ब्लेड घेतलं होतं. ट्रेसिंगवरची शाई हलक्या हाताने खरवडून निघते. ब्लेड हातात धरून बसली आणि ठेवून दिलं. पुढच्या आठवड्यात औषधं सुरू झाली आणि मग लेख गेलासुद्धा.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस.

"मला वाटलं तुम्ही जाऊन ताडून बघाल. तुम्ही सगळं तपासता." मग म्हणाली, "मी रोज वाट बघत होते, आज घरी येऊन ओरडतील म्हणून."

मी वही मिटून छापील पानावर ठेवली.

तिचं ठरलेलं होतं. परिसंवादाला ती येणार होती, तिचा सत्कार होता. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. त्यात मी सांगून टाकायचं, तिच्यासमोर, सगळ्यांसमोर. नंतर पत्र लिहून नाही, खाली तळटीप देऊन नाही. शाळेत तिने दुसऱ्याचं चित्र सुधारून देणाऱ्या पोरांना शून्य दिलेलं होतं, आणि आता शून्य घ्यायची तिची पाळी होती. मी हो म्हटलं. कागदावर चार ओळी लिहिल्या आणि तिला दाखवल्या. 'चित्रातील बाह्यरेषा समुद्राकडील बाजूस अनवधानाने जोडली गेली आहे. मूळ शिल्पात ती एक वीत उघडी आहे. सबब बंदिस्त आकारावर आधारलेले निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' तिने उशीखालून लाल पेन्सिल काढली, 'अनवधानाने' खोडलं आणि वर लिहिलं, 'जाणूनबुजून'. मग 'आहोत' खोडून 'आहे' केलं.

"चूक माझी," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये येऊ नका."

परिसंवादाच्या दिवशी सभागृहाबाहेर कमान होती आणि कमानीवर तिच्या चित्राचा फ्लेक्स, दोन माणसं उंच. त्याच्या चारी कोपऱ्यांत मान्यवरांचे हसरे चेहरे. समईच्या वाती पंख्यामुळे पेटत नव्हत्या; पंखा बंद केला तर मान्यवरांना घाम येत होता. शेवटी एका मान्यवरांनी सही करायची ती फाइल आडवी धरली आणि प्राचीन ज्ञानाची ज्योत कशीबशी लागली. स्वागतगीत झालं, दुसरं स्वागतगीत झालं. बायको पहिल्या रांगेत सोफ्यावर होती. डोक्याला तिने माझ्या मफलरसारखा दिसणारा एक रुमाल बांधला होता, आणि जांभळी साडी नेसली होती, ती सैल झाली होती. ती माझ्याकडे बघून छातीवरच्या खिशाकडे खूण करत होती. कागद आहे ना. मी खिसा दाबून दाखवला.

मोठे विद्वान उत्तम बोलले. हे मला कबूल केलं पाहिजे. मला वाटलं होतं पोकळ मनुष्य असेल, पण त्यांना खरोखरच त्या शिल्पाचं वेड लागलेलं होतं. पडद्यावर तिचं चित्र होतं आणि त्यांच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका बाहेरच्या रेघेवरून फिरत होता. फिरत फिरत तो समुद्राकडच्या अंगाला आला आणि थांबला. बरोबर त्या वीतभर जागेवर.

"इथे पाहा," ते म्हणाले. "हात कुठे कचरलेला नाही. केवढी निश्चिंती आहे या रेषेत. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला आपण काय करतो आहोत हे पक्कं माहीत होतं."

सभागृहात टाळ्या. मी बायकोकडे बघितलं. ती त्या लाल ठिपक्याकडे बघत होती.

मग सत्कार. विद्वान स्वतः पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले, शाल तिच्या खांद्यांवर घातली, नारळ तिला पेलणार नाही हे ओळखून तो स्वतःच्याच हातात धरून ठेवला. माणूस चांगला होता, तीच अडचण होती. लोक उभे राहिले. तिच्या जुन्या विद्यार्थिनी मागच्या रांगांत होत्या, त्यांतल्या काही रडत होत्या. सगळं सभागृह तिच्यासाठी उभं होतं आणि मला ठाऊक होतं की पुन्हा असं कोणी तिच्यासाठी उभं राहणार नाही.

आभार मानायला मी माइकपाशी गेलो. अध्यक्षांचे मानले, विद्वानांचे मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे, मांडववाल्याचे, चहा देणाऱ्या बचत गटाचे मानले. खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. समोर ती शालीत बसलेली होती, शालीतून नुसता चेहरा दिसत होता, आणि तो वाट बघत होता. मी म्हटलं, "राष्ट्रगीतानंतर चहाची व्यवस्था बाहेर केलेली आहे."

रिक्षात मांडवीच्या वळणाशी तिने शाल काढून तिची घडी घातली. मग म्हणाली, "बोलला नाहीत."

मी म्हटलं, ती जागा नव्हती. एवढे लोक उभे होते. तुलाच त्रास झाला असता.

"आमटीत मीठ जास्त पडलं तर पाहुणे बसलेले असले तरी सांगता," ती म्हणाली. "तेव्हा कधी जागा बघितलीत?" रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी मला पेशंट केलं, त्याचं काही नाही. तुम्ही नव्हतं करायचं."

मी तिला सांगितलं की उद्याच पत्र लिहितो. ती म्हणाली, लिहा. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. त्याचा आम्हाला सराव होता.

उरलेल्या दीड महिन्यात एक गोष्ट झाली, ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. भेटायला कोणी आलं की ती बोलता बोलता एखादी चूक करी. अमुक किल्ला तमक्याने बांधला. अमुक सालच्या वादळात आपले पत्रे उडाले, खरं तर ते तमुक साली उडाले होते. आणि मग माझ्याकडे बघे. पहिल्यांदा मला वाटलं, औषधांनी विसरतेय. दुसऱ्यांदा मला कळलं की तिला बरोबर उत्तर माहीत आहे. तरी माझ्याच्याने बोलवेना. भिंतीला टेकून बसलेल्या, पेला दोन्ही हातांनी धरणाऱ्या बाईला 'चूक' म्हणायचं कसं. मी म्हणे, "हो, तसंच काहीतरी." तीनचार वेळा तिने करून बघितलं. मग थांबली. त्यानंतर ती सगळं बरोबर बोलू लागली आणि फार थोडं बोलू लागली.

शिमग्याच्या आधी ती गेली.

पत्र मी तेराव्यानंतर लिहिलं. चार ओळी, लाल दुरुस्त्यांसकट. संशोधनपत्राचं उत्तर आलं, सभ्य होतं. सहवेदना होत्या. पुढे असं होतं की चित्रातील दुरुस्तीसाठी मूळ चित्रकर्त्याची सही असलेला विहित नमुना लागतो, तो सोबत जोडला आहे. शिवाय त्या आकृतीवर आता इतरही अभ्यासकांनी लेखन केलं असल्यामुळे फेरविचार सावकाश करावा लागेल. नमुन्यात 'चित्रकर्त्याची सही' असा एक चौकोन होता. तो बंद चौकोन होता, चारी बाजूंनी. मोठ्या विद्वानांनाही मी लिहिलं. त्यांनी फोन केला, मनापासून बोलले, आणि म्हणाले की अशा दुःखात माणसाला अपराधी वाटतं, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. बाईंची रेषा चुकणं शक्य नाही, ते म्हणाले.

परवा मी सड्यावर गेलो होतो. चाचांच्या अंगणात पावसाळ्यासाठी लाकडं रचलेली होती आणि त्यांच्यावर फ्लेक्स घातलेला होता, उलटा, मान्यवरांचे चेहरे खाली आणि चित्र वर. सभागृहाबाहेर टाकून दिला होता, चांगला जाड आहे म्हणून आणला, असं ते म्हणाले. मला राग आला नाही. उलट, ज्ञानाचा काही उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी बाईंचं विचारलं नाही; त्यांना माहीत होतं. कोरा चहा केला आणि माझ्याबरोबर शिल्पापर्यंत आले. मी खाली बसताना त्यांनी माझं कोपर धरलं.

उदबत्तीच्या भोकांचा कागद मी नेला होता. तो त्या दारावर पसरला, रांगोळी फिरवली. माझे ठिपके मोठे आणि फासलेले उमटले; ती असती तर पुन्हा मारायला लावले असते. मधले दोन ठिपके रिकामे राहिले. मी ते वहीत उतरवले आणि खाली तारीख घातली.

सहीचा चौकोन मला भरता येत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. चित्रातील बाह्यरेषा समुद्राकडील बाजूस जाणूनबुजून जोडलेली आहे. ती माझ्या बायकोने जोडली. मूळ शिल्पात ती उघडी आहे. न तपासता लेख लिहिला तो मी, आणि भर सभेत सांगायचं कबूल करून सांगितलं नाही तोही मी.

निघायच्या आधी कातळावर हात ठेवून मी ती जागा मोजली. माझ्या हाताने एक वीत आणि वर दोन बोटं भरली. तिचा हात लहान होता. तिने मोजली असती तर जास्त भरली असती.